हुलग्याची बोटं

कोराळे सरांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी नसायचा. बिया असायच्या. हुलगा, मटकी, अबईचं पांढरं टपोरं बी, चिंचोके, एकदा तर धोतऱ्याचं अख्खं बोंड. मस्टरवर सही करायची वेळ आली की खिसा चाचपायचे, मूठभर बिया क्लार्कच्या टेबलावर ठेवायचे आणि त्याचाच पेन उचलायचे. सही झाली की पेन खिशात, बिया टेबलावर. मग क्लार्क माझ्याकडं यायचा, "मावशी, तुमच्या सरांचं पेरणीचं सामान घेऊन जा अन् माझा पेन आणून द्या."

मी म्हणजे धाराशिवच्या त्या कॉलेजात प्रयोगशाळेतली बाई. काचसामान धुवायचं, बाटल्या जागेवर लावायच्या, पोरांना हवं ते हातात द्यायचं. ही नोकरी आधी आमच्या मालकांची होती. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. शिक्षण सातवी, तेही माहेरी तेरच्या शाळेत, त्याला लई वर्षं झालेली. पुढचं जे काही शिकले ते बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून, आणि सर वर्गाला सांगायचे ते भिंतीला टेकून ऐकून. म्हणून यात कुठं काही चुकलं तर ते माझं धरा, सरांचं नका धरू.

सर उमरग्याच्या अंगाला मुरूमचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. कपाळाला विभूतीचे पट्टे, पायात जाड चपला, खांद्यावर पांढरा पंचा. कोट घातलेले प्राध्यापक मी पुढं बरेच पाहिले, पण पंचा टाकून जीवरसायन शिकवणारे हेच एक.

पहिल्या दिवशी मी दारात उभी. आत जावं का बाहेर थांबावं कळेना. मालकांचा हात त्या कपाटांना लागलेला, त्या नळाला लागलेला. सरांनी वर पाहिलं आणि विचारलं, "अक्का, हुलगा निवडता येतो का?"

म्हटलं, "येतो की. त्यात काय यायचं?"

"मग निम्मं काम तुम्हाला येतं. बसा."

मला वाटलं, बाईमाणूस बघून घरचं काम सांगतायत. पायलीभर हुलगा सुपात टाकून बसले. खडे काढले, किडका काढला, फुटका काढला. सरांनी माझ्या सुपातलाच मूठभर हुलगा घेतला, दळला, मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी गाळून वरचं निवळ पाणी एका छोट्या बाटलीत घेतलं. मग एक पांढरी चिनीमातीची टाइल काढली. तिला पणतीएवढ्या खाचा असतात. म्हणाले, "अक्का, बोट द्या."

माझ्या बोटाला सुई टोचली. रक्ताचा थेंब मिठाच्या पाण्यात पातळ केला, एका खाचेत टाकला. शेजारच्या खाचेत स्वतःचं रक्त तसंच. दोन्हीत हुलग्याच्या पाण्याचा एकेक थेंब. टाइल हातात धरून हळूहळू डोलवायला लागले, तान्हं लेकरू डोलवावं तशी. मी बघत होते. सरांचं रक्त होतं तसंच राहिलं, गुळगुळीत तांबडं पाणी. आणि माझं रक्त फाटलं. नासलेल्या दुधात कण दिसतात तसे तांबडे कण झाले. म्हटलं, सर, मला काही रोग हाय का?

सर हसले. "न्हाय ओ. हुलग्यानं तुम्हाला ओळखलं. मी जन्मभर हुलगा खाल्ला, माझ्या आईनं मला हुलग्यावर वाढवलं, पण हा मला ओळखत न्हाय. अन् तुम्हाला बघा कसा कवटाळतोय."

मग त्यांनी मला सांगितलं. रक्तातल्या पेशींच्या अंगावर साखरेचे तुरे असतात. चहातली साखर न्हाय, तिच्या भावकीतली. काही लोकांच्या पेशीवर एक तुरा जास्त असतो, तो माझ्या रक्तावर होता, सरांच्या नव्हता. हुलग्यात एक पदार्थ असतो, लेक्टिन म्हणतात त्याला. त्याला बोटं आहेत असं समजा. ती बोटं तेवढाच तुरा धरतात, दुसरा धरत नाहीत. एका बोटानं ही पेशी धरली, दुसऱ्या बोटानं ती, असं करत करत सगळ्यांची गाठ बसते.

"अन् अशीच बोटं तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना पण असतात," सर म्हणाले. "पांढरी पेशी म्हणजे अंगातला पहारेकरी. त्याला डोळे न्हायत. तो चाचपून ओळखतो. जंतूच्या अंगावर कोणती साखर हाय ते बोटाला लागलं की धरतो अन् गिळतो."

पुस्तकात त्या बोटांना रिसेप्टर म्हणतात. सर पोरांना परीक्षेपुरता रिसेप्टर म्हणायला लावायचे. एरवी बोटंच.

आणि त्यांची एक सवय सांगते. कुठलेही मास्तर धडा झाला की विचारतात, समजलं का? सर विचारायचे, "हाताला लागलं का?" कुणी उगंच मान हलवली की त्यांना कळायचं. म्हणायचे, "तुला न्हाय लागलं. तू मानेनं हो म्हणालास. पुन्हा सांगतो."

सरांचे वडील जनावरांच्या बाजारात दलाल होते. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि विकणारा हातात हात द्यायचे, वरून उपरणं टाकायचे आणि आत बोटं दाबून सौदा करायचे. भोवती शंभर माणसं उभी, पण आत काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक. सर वर्गात तोच खेळ करायचे. खांद्यावरचा पंचा काढून एखाद्या पोराच्या हातावर टाकायचे, आत त्याची दोन बोटं दाबायचे.

"काय म्हणालो मी?"

पोरगं हसायचं. "काय की सर."

"तुझी बोटं शिकलेली न्हायत. माझ्या वडिलाची शिकलेली होती. पांढऱ्या पेशीची पण शिकलेली असतात. पण शिकलेल्या बोटालाच जास्त फसवता येतं, हे लक्षात ठेव."

आणि मग क्षयाचा जंतू यायचा. त्याची गोष्ट सर अशी सांगायचे की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढं सरकायची. हा जंतू म्हणजे लबाड दलाल. त्याच्या अंगावर अशी साखर असते की पहारेकऱ्याचं बोट तिला धरणारच. पहारेकरी त्याला धरतो, आत ओढतो. आत घेऊन जिरवायचं असतं. पण हा आत जातो आणि तिथंच बिऱ्हाड करतो. वर पंच्याखालून बोट दाबून पहारेकऱ्याला सांगतो, ओरडू नको, सगळं बरं चाललंय. चोराला घरात घेतलं कुणी, तर राखणदारानंच. कर्करोगाचं निराळं. त्या पेशी आपल्याच अंगातल्या साखरेची शाल पांघरून बसतात, नेहमीपेक्षा जाड. पहारेकऱ्याचं एक बोट असं असतं की ती शाल हाताला लागली की तो म्हणतो, आपलंच माणूस हाय, जाऊ दे.

एकदा कळंबची एक मुलगी उठली. रेश्मा तिचं नाव. म्हणाली, "सर, मग जे बोट फसतं ते बोटच काढून टाकलं तर?"

सर एवढे खूश झाले की खिशातल्या सगळ्या बिया तिच्या वहीवर ओतल्या. "टाक काढून. मग बाकीचे चोर कोण धरणार, तू?" आणि पुढचा अख्खा तास त्याच एका प्रश्नावर घेतला. घंटा झाली, दुसरे सर दारात येऊन उभे राहिले, तरी यांचं चालूच.

चिडलेलं मी त्यांना एकदाच पाहिलं, खरं चिडलेलं. प्रॅक्टिकलला एका पोराच्या टाइलवर काहीतरी भलतंच आलं. जिथं गाठ बसायला नको तिथं बसली. त्यानं शेजारच्याची वही पाहिली, नळाखाली टाइल धुतली आणि वहीत बरोबर उत्तर लिहिलं. सरांनी ते लांबून पाहिलं. जवळ गेले. आवाज चढवला नाही, पण ओठ पांढरे पडले होते. "तुझ्या टाइलवर जे आलं होतं ते आता जगात कुणालाच कळणार न्हाय. तू धुतलंस. कदाचित चुकला असशील, कदाचित तुझ्या रक्तात काहीतरी निराळं असंल. मनासारखं न्हाय आलं म्हणून टाइल धुवायची न्हाय. थांबायचं, बघायचं, विचारायचं." त्या दिवसापासून माझ्यावर हुकूम. सरांनी पाहिल्याशिवाय कुणाचीही टाइल मोरीपर्यंत गेली तर ती मी अडवायची.

आता माझी फजिती सांगते, कारण तिच्याशिवाय सर पुरे होत नाहीत.

लागून दोन दिवस सुट्टी आली होती. सुट्टीनंतर विद्यापीठातली मोठी माणसं आमची प्रयोगशाळा बघायला येणार होती. सरांनी त्यांना दाखवायला हुलग्याचं पाणी आधीच करून फ्रीजमध्ये ठेवलं. मला सांगायचं राहिलं. मी सकाळी लवकर आले, फ्रीज पुसायला उघडला, तर पातेलंभर दळलेला हुलगा, मिठाच्या पाण्यात. चव घेतली नाही, पण पातेल्यावर सरांच्या अक्षरात "मीठ घातले आहे" असं लिहिलेलं. प्रयोगाचं पाणी एरवी छोट्या बाटलीत असायचं, पातेलंभर कधी नसायचं. आता मला सांगा, आमच्याकडच्या कुठल्याही बाईनं काय समजावं? दळलेला हुलगा, पाणी, मीठ. माडगं. हुलग्याची पातळ पेज, वाटीनं प्यायची. वैनींनी, म्हणजे सरांच्या मंडळींनी, अर्धं करून दिलंय आणि सर उकळायचं विसरलेत. मोठी माणसं येणार, म्हणजे त्यांच्यासाठीच असणार. मी शेगडी पेटवली. घरनं आणलेला लसूण ठेचून टाकला, जिरं टाकलं, दोन मिरच्या मोडून टाकल्या, आणि चांगलं दाट होईस्तोवर उकळलं.

सर आले. दारातच थांबले. नाक वर केलं.

"अक्का, काय शिजतंय?"

"माडगं, सर. तुम्ही ठेवलं होतं ते."

सर स्टुलावर बसले. पातेल्याकडं बघत राहिले. मला हळूहळू उमगायला लागलं. दोन दिवस भिजवलेलं काम वाया, आणि मोठी माणसं दोनेक तासांत येणार. मी म्हटलं, सर, माझी नोकरी जाईल का?

"आधी वाटीत द्या थोडं," सर म्हणाले. प्यायले. "जिरं जास्त झालंय."

मग उठले. नवीन मूठभर हुलगा दळायला मला सांगितलं, मिठाच्या पाण्यात घातला, हातानं हलवत राहिले. पाहुणे आले तेव्हा टेबलावर दोन बाटल्या होत्या. एकीत घाईनं केलेलं कच्चं पाणी, दुसरीत माझं माडगं गाळून. टाइलवर माझंच रक्त. कच्च्यानं गाठ बसली, जरा उशिरा पण बसली. माडग्यानं काहीच नाही, रक्त जसंच्या तसं. सर पाहुण्यांना म्हणाले, "शिजवलं की बोटं मोडतात. म्हणून आपण कडधान्य कच्चं खात न्हाय, शिजवून खातो. आपल्या आयांना हे पहिल्यापासून ठाऊक हाय. आमच्या अक्कांनी आज ते तुमच्यासाठी मुद्दाम करून दाखवलं."

मुद्दाम म्हणाले ओ. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले.

उरलेलं माडगं पाहुणे प्यायले. आणि पुढच्या वर्षापासून प्रॅक्टिकलच्या वहीत तो प्रयोगच झाला, कच्चं आणि शिजवलेलं. माझ्या देखत पोरं लिहायची आणि मला चिडवायची, "मावशी, जिरं किती टाकायचं?"

असे दिवस चालले होते. सर निवृत्त व्हायला वर्षभर राहिलं होतं. तेव्हा वैनी आजारी पडल्या.

वैनींना मी लई जवळून ओळखत होते. सर जेवढे बोलके तेवढ्या त्या मोजक्या. सरांची गोष्ट लांबली की त्या एवढंच म्हणायच्या, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. सर त्या एका शब्दाला जगात सगळ्यात जास्त भ्यायचे. वैनींच्या मानेला डाव्या बाजूला एक गाठ आली, बोरासारखी. मग तिच्या खाली दुसरी. संध्याकाळी अंग तापायचं, अन्न जाईना. दवाखान्यात सुई घालून पाणी काढलं, तपासायला पाठवलं. गंडमाळ निघाली, म्हणजे मानेतल्या गाठींचा क्षय.

सरांनी हे कॉलेजात कुणाला सांगितलं नाही. मला कसं कळलं, तर त्या आठवड्यात त्यांच्या खिशात बिया नव्हत्या. मी विचारलं, वैनी बऱ्या हायत ना? तर म्हणाले, "अक्का, लबाड दलाल माझ्याच घरात आला बघा." आणि टाइल पुसत बसले, पुसलेलीच टाइल.

सरकारी दवाखान्यातनं गोळ्या मिळाल्या. रोज सकाळी उपाशीपोटी. वैनींना त्या गोळ्यांनी मळमळायचं. सर काय करायचे, त्यांच्या समोर उभे राहून स्वतः पण एक तांब्या पाणी प्यायचे, घोटाला घोट. वैनी म्हणायच्या, "तुम्ही कशापायी पिताय?" तर म्हणायचे, "सोबत." त्या गोळ्या गिळेस्तोवर हे पाणी पीत राहायचे.

पहिले दोन महिने बरं चाललं. ताप उतरला, वैनी भाकरी खायला लागल्या. तिसऱ्या महिन्यात गाठ वाढली. होती त्यापेक्षा मोठी झाली, लाल झाली, आणि कानाखाली एक नवीनच आली. मुरूमहून सरांचे थोरले भाऊ आले, अण्णा. त्यांचं म्हणणं, गोळ्या उष्ण पडल्या. त्यांच्या ओळखीचा एकजण होता, मुळी उगाळून लेप देणारा. त्याची अट एकच, आधी दवाखान्याचं सगळं बंद.

मी त्या संध्याकाळी वैनींना बघायला गेले होते. तेरहून भावानं हुरडा पाठवला होता, तो घेऊन. ओसरीवर अण्णा बसलेले. वैनी आत भिंतीकडं तोंड करून निजलेल्या. सर खांबाला टेकून उभे. आणि त्यांचं बोलणं ऐकून मला धक्काच बसला.

"उद्यापासून बंद, अक्का," सर म्हणाले. "तीन महिने रोज गोळ्या. गाठ कमी व्हायला पायजे होती, वाढली. औषध लागत न्हाय. अण्णा म्हणतात तसं करून बघू."

अण्णा म्हणाले, "मग काय तर. एवढी पुस्तकं शिकून काय उपेग? घरच्या माणसाची गाठ कळंना."

सर खाली बघत होते. ज्यांनी उभ्या वर्गाला पहारेकरी आणि चोर शिकवला, ते आपल्या बायकोच्या मानेकडं बघून सगळं विसरले होते. आणि मी कोण, सातवी. अण्णांसमोर बोलावं की न बोलावं. पण वैनींची पाठ दिसत होती मला, पातळातनं हाडं दिसत होती. मी म्हटलं,

"सर, टाइलवर नको ते आलं तर तुम्ही काय करायला सांगता?"

सरांनी मान वर केली.

"मी न्हाय, तुम्हीच सांगता. मनासारखं न्हाय आलं म्हणून धुवायचं न्हाय. थांबायचं, बघायचं, विचारायचं. तुम्ही कुणाला विचारलं का?"

"अक्का, ती टाइल होती. ही माझी बायको हाय."

"म्हणूनच म्हणते. टाइल दुसरी मिळंल."

अण्णा म्हणाले, "ह्या बाई कोण?"

सर म्हणाले, "ह्या माझ्या प्रयोगशाळेतल्या अक्का." आतून वैनींचा आवाज आला, बारीक, पण स्वच्छ. त्या अण्णांना म्हणाल्या, "साकु." मग तसंच भिंतीकडं तोंड ठेवून सरांना म्हणाल्या, "उद्या दवाखान्यात नेवा मला. विचारा. त्या डॉक्टरीणबाई म्हणल्या बंद करा, तर बंद."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आमच्या पोरींच्या वयाच्या. त्यांनी मान चाचपून बघितली, वजन घेतलं, वजन वाढलेलं होतं. गाठीतलं पाणी पुन्हा काढलं, औषधाला जंतू दाद देतोय का ते बघायला पाठवलं. मग सरांकडं वळून म्हणाल्या, "काका, काही जणांना असं होतं. इतके दिवस जंतूनं अंगातल्या पेशींना गप्प ठेवलं होतं. आता गोळ्यांनी जंतू मरायला लागला, पेशी जाग्या झाल्या, आणि मेलेल्या जंतूंवर पण तुटून पडल्यात. म्हणून सूज. तपासणी येऊ दे, पण गोळी एक दिवस पण चुकवायची नाही. बंद केली असती तर अवघड होतं."

सर खुर्चीत बसले होते, दोन्ही हात गुडघ्यावर. म्हणाले, "हे मी वर्गात शिकवतो."

डॉक्टरीणबाईंना वाटलं गंमत करतायत. "काय शिकवता काका?"

"हेच. तुम्ही आता बोललात तेच. पहारेकरी, जंतू, सगळं." त्यांनी स्वतःच्या हातांकडं पाहिलं. "माझ्याच हाताला लागलं न्हाय."

तपासणी चांगली आली, जंतू औषधाला दाद देत होता. पण गाठी बसायला लई वेळ लागला. एक गाठ फुटून वाहिली, तिची पट्टी सर स्वतः बदलायचे. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या ठरल्यापेक्षा जास्त महिने चालू ठेवल्या. सर त्या काळात झोपायचेच नाहीत असं वैनी सांगायच्या. बाजेवर पडायचे आणि हात वैनींच्या कपाळावर, ताप बघायला. ताप नसला तरी हात तिथंच. कॉलेजात डोळे लाल करून यायचे, पण तास चुकवला नाही. एक फरक झाला. क्षयाचा धडा आला की आता ते शेवटी एक वाक्य जास्त सांगायचे. "औषध चालू असताना गाठ वाढली तर घाबरू नका, डॉक्टरला विचारा. मी घाबरलो होतो." पोरांना वाटायचं सर उदाहरण देतायत.

वैनी बऱ्या झाल्या. गाठींच्या जागी मानेला एक सुरकुतलेला व्रण राहिला, बस. सर निवृत्त झाले आणि दोघं मुरूमला राहायला गेली. पुढच्याच वर्षी सर गेले. मला लई उशिरा कळलं, दिवससुद्धा होऊन गेले होते. म्हणून शेवटचे सर म्हणून माझ्या डोळ्यांपुढं जे आहेत, ते अणदूरचे.

वैनींनी आजारपणात अणदूरच्या खंडोबाला नवस बोलला होता, तो फेडायचा होता. मला निरोप आला, अक्का तुम्ही यायचंच. रविवार होता. मी तुळजापुरात गाडी बदलून गेले. गर्दी होती, भंडारा उधळत होते, सगळी जमीन पिवळी झालेली. वैनी नवी इरकल नेसून उभ्या, हातात नारळाची पिशवी. सर मला बघून हसले. खिशाकडं पाहिलं मी, भरलेला होता. म्हणाले, "तुम्ही दोघी जावा आत. मी चपला राखतो."

आम्ही दर्शन घेतलं, तळी भरली. वैनी गाभाऱ्यापुढं उशीरपर्यंत हात जोडून उभ्या होत्या. बाहेर आलो तर सर ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले, चपलांचे तिन्ही जोड पायांशी ओळीनं लावलेले, आणि झोपलेले. गाढ. तोंड किंचित उघडं. जाता येता लोकांनी उधळलेला भंडारा त्यांच्या केसांवर, भुवयांवर, पंच्यावर पडलेला. वाघ्या त्यांच्या कानाशी दिमडी वाजवून गेला, तरी हलले नाहीत.

मी म्हटलं, उठवू का?

वैनी म्हणाल्या, "नको. निजू द्या."

त्या त्यांच्या शेजारी ओट्यावर बसल्या. ऊन सरांच्या तोंडावर येत होतं. वैनी जरा पुढं सरकून बसल्या, त्यांची सावली सरांवर पडेल अशा. नारळ फोडलेला होता, त्याचा एक तुकडा मला दिला, एक स्वतः घेतला, आणि एक पदराच्या टोकात बांधून ठेवला. आम्ही खोबरं खात बसलो. ऊन सरकलं की वैनी थोड्या सरकायच्या.

माझ्या गाडीची वेळ झाली. मी उठले, चपलांच्या ओळीतनं माझा जोड हळूच काढून घेतला आणि वैनींना हातानंच सांगितलं, निघते. त्यांनी मान हलवली. फाटकापाशी जाऊन मी मागं वळून पाहिलं. सर तसेच निजलेले होते, आणि ऊन आता वैनींच्या पाठीवर होतं.